आभाळ स्वच्छ, तरी विमान रद्द: गारपिटीनंतर विमानतळावर अडकलात तर काय करायचं

५ ऑगस्ट २०२४ हा सोमवार होता. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात हेरिटेज डेची सुट्टी होती आणि जोडून आलेल्या सुट्ट्या संपवून माणसं घरी परतत होती. त्या संध्याकाळी कॅलगरीवर गारांचा मारा झाला. विमानतळाच्या देशांतर्गत टर्मिनलचं मोठं नुकसान झालं आणि तिथल्या कॉन्कोर्स बी या गेटांच्या विभागाचा काही भाग बंद करावा लागला. वेस्टजेट या कंपनीचं मुख्य ठाणंच कॅलगरी. तिच्या एकूण ताफ्यातली सुमारे १० टक्के विमानं तपासणी आणि दुरुस्तीसाठी बाजूला काढावी लागली. शहरातल्या घरांचं, गाड्यांचं आणि विमानतळाचं मिळून झालेलं विमा उतरवलेलं नुकसान पहिल्या अंदाजात सुमारे २.८ अब्ज कॅनेडियन डॉलर होतं. कॅनडाच्या इतिहासातल्या सर्वांत महागड्या आपत्तींमध्ये या वादळाची नोंद झाली.

वादळ आलं आणि गेलं. उड्डाणं मात्र पुढचे काही दिवस रद्द होत राहिली. या लेखातला प्रत्येक सल्ला याच एका गोष्टीवर उभा आहे. धुक्यामुळे विमान थांबतं तेव्हा विमान धडधाकट असतं. धुकं विरलं की रांगेनं उड्डाणं सुरू होतात, म्हणून गेटपाशी बसून राहणं शहाणपणाचं ठरतं. गारपिटीत विमानच जायबंदी होतं. आभाळ निवळलं तरी तुम्हाला न्यायला विमान नसतं. अशा वेळी गेटवर ताटकळत बसणारा माणूस सगळ्यात मागे पडतो.

उन्हाळ्यात मुलांकडे कॅनडाला जाणारे आई-बाबा, बॅन्फ-जॅस्पर बघायला निघालेली कुटुंबं आणि तिथेच राहणारे मराठी लोक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. कॅलगरीतून मुंबई-पुण्याला थेट विमान नाही, एक-दोन ठिकाणी बदलावंच लागतं. त्यामुळे एका वादळाचा फटका पुढच्या सगळ्या टप्प्यांना बसतो.

आधी विमानाला काय होतं ते समजून घ्या

हे कळलं की काउंटरवरचा कर्मचारी “अजून सांगता येत नाही” का म्हणतो ते लक्षात येतं आणि विनाकारण भांडण होत नाही.

जमिनीवर उभ्या विमानाला मार वरून बसतो: पंखांचा वरचा पृष्ठभाग, शेपटीचे आडवे पंख, विमानाची पाठ. उडत्या विमानाला तो समोरून बसतो: नाकाचा टोकदार भाग, कॉकपिटच्या काचा, पंखांची पुढची कड, इंजिनाच्या तोंडाची कडी. नाकाच्या त्या भागाला रेडोम म्हणतात. आतल्या हवामान रडारच्या लहरी आरपार जाव्यात म्हणून तो धातूचा नसतो, फायबरच्या थरांचा असतो, आणि गारांपुढे सगळ्यात आधी तोच हार मानतो.

गारा थांबल्यावर तंत्रज्ञ शिडी किंवा लिफ्ट लावून विमानाचा इंच न् इंच बघतात. उजेड तिरका पाडला की पोचे उठून दिसतात. प्रत्येक पोच्याची जागा, रुंदी आणि खोली मोजून लिहायची आणि विमान बनवणाऱ्या कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून बघायची. शेकडो पोचे असले तर शेकडो नोंदी. ॲल्युमिनियमवरचा पोचा निदान दिसतो तरी. कॉम्पोझिट, म्हणजे थरांवर थर चिकटवून बनवलेल्या, भागात वरून काहीच दिसत नाही आणि आतले थर सुटलेले असू शकतात. मडकं पक्कं आहे का ते वाजवून बघतात, तसा तो भाग ठोकून आवाज ऐकतात, किंवा अल्ट्रासाउंड यंत्र लावतात. उंची आणि दिशा बदलणाऱ्या शेपटी-पंखांवरच्या हलत्या भागांचं वजन नेमकं तोललेलं असतं, म्हणून त्यांची तपासणी जास्तच कडक असते. काही विमानं काही तासांत मोकळी होतात, काहींना सुटे भाग येईपर्यंत हँगरमध्ये थांबावं लागतं. तपासणी पुरी होईपर्यंत यातलं कोणतं विमान कुठल्या गटात पडेल हे कोणीच सांगू शकत नाही.

म्हणून वाट बघण्याचा हिशेब तासांत करू नका. गार मोठी असेल आणि कंपनीचं मुख्य ठाणं तेच असेल, तर दोन ते चार दिवसांची तयारी ठेवा.

आणखी एक गोष्ट. तुमच्या गावात ढगाचा टिपूस नसला तरी तुमचं विमान रद्द होऊ शकतं, कारण ते आदल्या रात्री कॅलगरीत उभं होतं. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हॅलिफॅक्सहून निघणाऱ्या प्रवाशालाही कॅलगरीची गार लागते.

तिकीट काढतानाच

कॅलगरी ते रेड डियर या पट्ट्याला तिथे ‘हेलस्टॉर्म ॲली’ म्हणतात. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी उन्हाळ्याच्या दुपारी ढग झपाट्याने वर चढतात आणि दुपार-संध्याकाळकडे गारा होतात. हंगाम साधारण जून ते सप्टेंबरचा. गारा लहान राहाव्यात म्हणून तिथल्या विमा कंपन्या १९९६ पासून स्वतःच्या खर्चाने ढगांत सिल्व्हर आयोडाइड फवारणारी विमानं उडवतात. यावरून धोका किती खरा आहे ते समजावं.

या महिन्यांत कॅलगरीहून निघायचं असेल तर शक्यतो सकाळचं विमान घ्या. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, असू द्या. कॅलगरी-टोरोंटो एका कंपनीचं स्वस्त तिकीट आणि टोरोंटो-मुंबई दुसऱ्या कंपनीचं वेगळं तिकीट, अशी जोडाजोड केली की पहिलं विमान रद्द झाल्यावर दुसरी कंपनी तुम्हाला ‘आलाच नाहीत’ असं धरते आणि ते पैसे बुडतात. वाचलेले चार-पाच हजार रुपये या जोखमीला पुरत नाहीत. प्रवास विमा तिकिटासोबतच घ्या. वादळाची बातमी आल्यावर काढलेला विमा त्या वादळासाठी उपयोगाचा नसतो.

औषधं निदान पाच दिवसांची, आणि तीही हातातल्या बॅगेत. बाबांची इन्सुलिन विमानाच्या पोटातल्या सामानात गेली तर पुढचं सगळं नियोजन तिथेच कोसळतं.

गारा पडत असताना

टर्मिनलमध्ये असाल तर काचेच्या भिंती आणि छतातल्या काचांखालून बाजूला व्हा. व्हिडिओ काढायला काचेशी गर्दी करू नका. छतातून पाणी गळू लागलं तर ती जागा सोडा, कारण भिजलेले छताचे तक्ते खाली पडतात. गेट बदलाची घोषणा त्या गोंगाटात ऐकू येत नाही, म्हणून ॲप उघडं ठेवा आणि मोबाइल लगेच चार्जिंगला लावा.

विमानात बसला असाल आणि विमान जमिनीवर असेल तर शांत बसण्याला पर्याय नाही. विजा चमकत असताना बाहेरचे कर्मचारी आत घेतले जातात, सामान चढवणं-उतरवणं आणि इंधन भरणं थांबतं. कॅनडाच्या नियमाप्रमाणे दरवाजे बंद झाल्यावर तीन तास उलटले तर प्रवाशांना उतरवण्यासाठी विमान परत आणावं लागतं. उड्डाण अगदी जवळ आलं असेल तर आणखी ४५ मिनिटांची सवलत कंपनीला आहे. सुरक्षेचं कारण असेल तर मात्र हा नियम सैल होतो.

हवेत असताना गारा लागल्या तर पट्टा घट्ट, पाय जमिनीवर, वरचे कप्पे बंद. आवाज भयंकर असतो. २१ मे २०२५ ला दिल्ली-श्रीनगर इंडिगो विमान पठाणकोटजवळ अशाच वादळात सापडलं. वादळ टाळण्यासाठी सीमेकडे वळायची परवानगी मिळाली नाही, लाहोरनेही त्यांच्या हद्दीत यायला नकार दिला. मध्येच विमान मिनिटाला ८,५०० फूट या वेगाने खाली आलं. रेडोम फुटला, पण विमान श्रीनगरला सुखरूप उतरलं आणि आतल्या कोणालाही इजा झाली नाही. तीव्र वादळापासून किमान २० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर दूर राहा, असं वैमानिकांना शिकवतात. ढगाबाहेर फेकलेली गार स्वच्छ दिसणाऱ्या हवेतही लागू शकते. वैमानिकाने लांबचा वळसा घेतला आणि तासभर उशीर झाला, तर त्याबद्दल कुरकुर करू नये.

पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा

रद्दची सूचना यायची वाट बघू नका. तुमचं विमान कुठून येणार आहे ते शोधा. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये ‘येणारं विमान’ दाखवतात, नाहीतर विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर उड्डाण क्रमांक टाका. ते विमान वादळाच्या वेळी कॅलगरीतच उभं होतं असं दिसलं, तर ते तपासणीत अडकणार हे धरून चाला.

मग तीन ठिकाणी एकदम प्रयत्न करा. एकाने काउंटरच्या रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने ॲपवर पर्यायी उड्डाणं बघायची, तिसऱ्याने फोन लावायचा. एकटेच असाल तर रांगेत उभं राहूनच फोन लावा. कॅनडातला नंबर तास-तास लागत नाही तेव्हा त्याच कंपनीचा भारतातला किंवा ब्रिटनमधला ग्राहक क्रमांक लावून बघा, बुकिंग त्यांनाही दिसतं. हे काम पुण्यात बसलेला भाऊ किंवा मुलगीही करू शकते. तिच्याकडे पीएनआर, तिकिटावरचं पूर्ण नाव आणि बुकिंगचा ईमेल हवा.

काउंटरवर पोचाल तेव्हा पर्याय हातात तयार ठेवा. “काहीतरी करा” म्हणण्यापेक्षा “उद्या सकाळी एडमंटनहून टोरोंटोला जागा दिसते आहे, त्यावर बसवाल का?” असं विचारलं की काम दोन मिनिटांत होतं. समोरच्या मुलीने सकाळपासून शंभर जणांचा राग सोसलेला असतो. तिच्याशी सौजन्याने बोलणं हे माणूस म्हणून आपलं कामच आहे, आणि ती मनापासून शोधते तेव्हाच आडबाजूचा मार्ग सापडतो.

एडमंटन कॅलगरीपासून साधारण ३०० किलोमीटरवर, महामार्गाने तीन तास. रेड ॲरोसारख्या बसगाड्या या दोन शहरांत धावतात. कॅलगरीचं टर्मिनल मोडकळीला आलं असेल तेव्हा एडमंटनहून सुटणारं विमान हा खरा पर्याय असतो, आणि तो बहुतेकांच्या लक्षात उशिरा येतो.

पर्यायी विमान की पैसे परत

स्वतःहून तिकीट रद्द करू नका. ही चूक घाईत सर्वाधिक होते. कंपनीने रद्द केलं तर हक्क तुमचे, तुम्ही रद्द केलं तर तिकिटाच्या अटी तुमच्यावर.

कॅनडाचे हवाई प्रवासी संरक्षण नियम कॅनडात येणाऱ्या, तिथून निघणाऱ्या आणि देशांतर्गत अशा सगळ्या उड्डाणांना लागू आहेत. गारपीट ही ‘कंपनीच्या नियंत्रणाबाहेरची’ घटना ठरते. तिथे मोठ्या कंपनीने मूळ वेळेपासून ४८ तासांच्या आत निघणाऱ्या, स्वतःच्या किंवा भागीदार कंपनीच्या विमानात पक्की जागा द्यायची असते. ते जमत नसेल तर निवड तुमची: पूर्ण परतावा, किंवा कोणत्याही कंपनीच्या विमानात जागा, अगदी प्रतिस्पर्धी कंपनीच्याही. परतावा ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने, ३० दिवसांच्या आत. प्रवासाचं व्हाउचर देऊ केलं तर ते नाकारता येतं. विमानतळ बदलणार असेल तर तिथपर्यंत पोचवण्याची सोयही मागा.

घरी परत यायचं असेल तर परतावा घेऊ नका असं माझं ठाम मत आहे. सुट्टीच्या दिवसांत आयत्या वेळचं कॅलगरी-मुंबई तिकीट मूळ किमतीच्या कितीतरी पट असतं. परतावा तेव्हाच, जेव्हा प्रवासच करायचा नाही.

भारतातून सुटणाऱ्या उड्डाणांसाठी डीजीसीए या भारताच्या विमान वाहतूक नियामकाचा नियम: रद्द झाल्यास पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा. हवामानाच्या कारणासाठी वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही. तक्रार सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर करता येते.

व्हिसा बघितल्याशिवाय नवा मार्ग घेऊ नका

गर्दीत काउंटरवरचा माणूस तुम्हाला सिॲटल किंवा शिकागोमार्गे पाठवायला निघतो. भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेत केवळ विमान बदलायलाही व्हिसा लागतो, तिथे विमानतळाच्या आत राहून पुढे जाण्याची सवलत नाही. त्यातून कॅलगरीला अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच होते, म्हणजे व्हिसा नसेल तर कॅलगरीतच परत फिरावं लागतं आणि तोवर दुसऱ्या मार्गाची जागा गेलेली असते. ब्रिटन आणि युरोपातल्या देशांच्या ट्रान्झिटच्या सवलती अनेकदा तुमच्या पासपोर्टवर कॅनडाचा वैध व्हिसा आहे का यावर अवलंबून असतात, म्हणून त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघूनच हो म्हणा.

पाहुणे म्हणून आलेल्या आई-बाबांची कॅनडात राहण्याची मुदत त्याच आठवड्यात संपत असेल, तर ती संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन करून टाका. विमान रद्द झालं म्हणून मुदत आपोआप वाढत नाही.

खाणं आणि मुक्काम

इथे निराशा पदरी पडते, ती आधीच माहीत असावी. नियंत्रणाबाहेरच्या घटनेत जेवण किंवा हॉटेल देणं कॅनडात कंपनीला बंधनकारक नाही. मागून बघा, पण खर्च स्वतः करायची तयारी ठेवा आणि प्रत्येक पावती जपा. युरोपीय संघातून किंवा ब्रिटनमधून सुटणाऱ्या विमानात उलट आहे: भरपाईची रक्कम मिळत नाही, पण जेवण आणि मुक्काम हवामानाच्या कारणातही द्यावाच लागतो. लंडन किंवा फ्रँकफर्टला अडकलात तर हे ठामपणे मागा.

हॉटेलची खोली विमान रद्द होण्याची शक्यता दिसताच, पैसे परत मिळतील अशा दराने, आरक्षित करून ठेवा. रात्री दहानंतर विमानतळाजवळ खोली उरत नाही.

सामान

विमान दुसऱ्या दिवसावर गेलं की पहिला प्रश्न: बॅगा परत मिळणार की आतच राहणार? गृहीत धरू नका, विचारा. बॅगेज टॅगचा आणि बॅगेचा फोटो असू द्या. कंपनी बदलली असेल तर नव्या काउंटरवर जुने टॅग दाखवून बॅगा त्या विमानावर नोंदवून घ्या. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात लेखी दावा बॅग फुटली असेल तर सात दिवसांत, उशिरा आली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत करावा लागतो. दावा एक दिवस उशिरा गेला तरी तो फेटाळला जाऊ शकतो.

आई-बाबा एकटे प्रवास करत असतील तर

त्यांच्याकडे एका कागदावर मोठ्या अक्षरात हे लिहून द्या: पीएनआर, तुमचा कॅनडातला आणि भारतातला फोन, औषधांची नावं, “मला माझ्या मुलीशी फोनवर बोलायचं आहे” हे इंग्रजीतलं वाक्य, आणि “अमेरिकेमार्गे जाणार नाही, व्हिसा नाही” हेही. व्हीलचेअर आधीच मागवून ठेवली असेल तर गोंधळात त्यांच्यासोबत एक कर्मचारी राहतो आणि त्यांना रांगेत पुढे घेतात. आई चालू शकते म्हणून संकोचाने ती नाकारू नका. नवं विमान मिळाल्यावर व्हीलचेअरची आणि शाकाहारी जेवणाची विनंती नव्या बुकिंगवर आली आहे का ते बघा, ती बहुधा गळते.

सुरक्षा तपासणीच्या आत गेलेल्या आई-बाबांना बाहेर बोलवण्याची घाई करू नका. आधी मुक्काम आणि नवं विमान पक्कं करा. त्यांना एवढंच सांगा: गेटजवळ बसा, पाणी प्या, फोन चार्ज ठेवा.

पार्किंगमधली गाडी

परत आलात आणि गाडीची काच फुटलेली, टपावर पोचे. हलवण्याआधी चारही बाजूंनी आणि टपाचे फोटो काढा, पार्किंगचं तिकीटही फोटोत येऊ द्या. फुटलेल्या पुढच्या काचेनिशी गाडी चालवू नका. अल्बर्टात गारांचं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात येतं आणि तो ऐच्छिक असतो, म्हणून पॉलिसी बघा. भारतात केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर काही मिळत नाही, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर असेल तर गारपीट त्यात येते. गाडी भाड्याची असेल तर कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा.

कागद जमवा, मगच घरी जा

विमानतळ सोडण्याआधी कंपनीकडून विलंबाचं पत्र घ्या: उड्डाण क्रमांक, मूळ वेळ, किती तास उशीर, आणि कारण. ईमेल चालेल. या पत्राशिवाय प्रवास विमा पैसे देत नाही. किती तासांनंतर दावा करता येतो ते तुमच्या पॉलिसीत लिहिलेलं असतं. तिकीट ज्या क्रेडिट कार्डाने काढलं त्यावरही विलंबाचं कव्हर असू शकतं.

कारणाकडे नीट लक्ष द्या. वादळाच्या रात्री ‘हवामान’ हे उत्तर बरोबर आहे. पण चौथ्या दिवशीही कंपनी तेच कारण सांगत असेल, तर तुम्ही विचारू शकता की इतक्या दिवसांत दुसरं विमान लावायचा प्रयत्न काय केला. आधीच्या वादळाचा परिणाम म्हणून पुढचं उड्डाण रद्द करताना कंपनीने परिणाम कमी करण्यासाठी शक्य ते सगळं केलेलं असलं पाहिजे, असं कॅनडाचा नियम सांगतो. आधी कंपनीला लेखी कळवा. तिला उत्तरासाठी ३० दिवस असतात. भरपाईची मागणी एका वर्षाच्या आत करावी लागते. उत्तर पटलं नाही तर कॅनेडियन ट्रान्सपोर्टेशन एजन्सीकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिथे वाट बघावी लागते, म्हणून सगळे ईमेल, पावत्या आणि फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची एक प्रत मुलांकडेही असू द्या.